सतरा नंबरचं घुबड

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, कारण आज जी गोष्ट सांगणार आहे ती हळू आवाजातली आहे. गोष्ट घुबडाची. घुबडाची म्हटल्याबरोबर आत्ता दोघांनी एकमेकांकडे पाहून हसून घेतलं, तेही मला दिसलं. हसा बापड्यांनो. आपण रागावलो की समोरच्याला घुबड म्हणतो. घुबडं रागावली की एकमेकांना काय म्हणत असतील, ते देवाने आपल्याला कळू दिलं नाही, ही त्याची आपल्यावर केवढी दया.

तर एका गावाच्या कडेला एक लहानसं रान होतं. त्या रानात रानघुबडांची एक जोडी अकरा वर्षं राहत होती. एकच ढोली, एकच नर, एकच मादी. नवं घर बांधणं नाही, जुनं मोडणं नाही. जुन्या झाडाच्या पोटात भोक सापडलं की त्यात संसार. मादी महिनाभर अंड्यांवर बसायची आणि नर तिला बसल्या जागी जेवण आणून द्यायचा. या बाबतीत घुबडाला नावं ठेवणाऱ्या पुरुषांनी आपापल्या घरी जरा चौकशी करावी.

उंदीर धरला की अख्खा गिळायचा. पोटाला मानवेल ते पोटात ठेवायचं, केस आणि हाडं यांची अंगठ्याएवढी गोळी करायची आणि तोंडावाटे झाडाखाली टाकून द्यायची. आपणही जन्मभर काय काय गिळतो. पण न पचलेलं इतक्या टापटिपीने बाहेर टाकायची अक्कल आपल्याला नाही. आपलं न पचलेलं भाषणात बाहेर पडतं.

दिवसा नर ढोलीशेजारच्या फांदीवर खोडाला चिकटून बसायचा. अंगावर सालीचाच रंग, सालीच्याच रेषा. डोळे मिटले की देवालाही सापडायला दोन मिनिटं लागावीत.

या रानाची राखण एक बाई करायची. कचेरीतला कारकून तिचा सख्खा भाचा, तो तिला आत्या म्हणे, म्हणून सगळी कचेरीच तिला आत्या म्हणू लागली. साठीला टेकलेली, हातात सदा एक कोयती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आत्याने उभ्या आयुष्यात खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. यामुळे लग्नकार्यात मुलगी दाखवायच्या वेळी तिला स्वयंपाकघरात बसवून ठेवत.

रानाच्या फाटकाशी वाट आत शिरते तिथे दोन झाडं समोरासमोर उभी होती. आत जाताना डाव्या हाताला सतरा नंबर, उजव्या हाताला अठरा. प्रत्येक झाडाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला दोन खिळ्यांनी ठोकलेला. अठरा नंबर म्हातारं, वाकलेलं, पोटात ढोली असलेलं. घुबडांचं बिऱ्हाड त्यात. सतरा नंबर तरणं, सरळसोट, धडधाकट. त्याच्या पोटात काही नव्हतं. निम्म्या उंचीवर खोडाला एक गाठ तेवढी आली होती.

आता असं झालं, की वरून हुकूम आला: आग विझवायची गाडी रानात शिरली पाहिजे, वाट रुंद करा. वाट रुंद करायची तर दोनांतलं एक झाड जाणार. आणि नियम असा, की घुबडाचं घर असलेल्या झाडाला हात लावायचा नाही. नियम चांगलाच होता. चांगल्या नियमाचं वाटोळं करायला चांगलीच माणसं लागतात, तीही हजर होती.

आत्याने भाच्याकडून अर्ज लिहून घेतला: घुबडं अठरा नंबरात आहेत, ढोलीत दोन पिल्लं आहेत, अजून उडत नाहीत. खाली अंगठ्याएवढी सही केली. विषय संपला असं तिला वाटलं.

पण कचेरीत नवे साहेब आले होते. हे साहेब वाईट नव्हते बरं का. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. तो पडला की सगळ्यांना बरं वाटतं. हे साहेब वक्तशीर होते, हाताचे स्वच्छ होते, फाइल तुंबू देत नव्हते. एकच होतं. ते दिवसातून चार वेळा म्हणत, "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही." त्यामुळे कचेरीत त्यांचं नावच ते पडलं. शिपाई दाराशी विचारी, "स्वतःच्या डोळ्यांनी आले का?" आणि आतून उत्तर येई, "आले, पण चष्मा शोधतायत."

आत्याचा अर्ज वाचून साहेब म्हणाले, "पाहणी करू. मंगळवारी, अकरा वाजता."

आत्या म्हणाली, "साहेब, अकराला ते झोपलेलं असतं."

"मग चांगलंच. हलणार नाही."

मंगळवारी अकराला पाहणी निघाली. साहेब, गळ्यात दुर्बीण. भाचा, काखेत फाइल. आणि शहरातून बोलावलेले झाडापाखरांचे एक तज्ज्ञ, ज्यांना दर वाक्याच्या सुरुवातीला "साधारणपणे" म्हणायची सवय होती. घडीच्या तीन खुर्च्या आल्या, चहाचा थर्मास आला. घुबडाला भेटायला माणसं अशी निघाली जशी मुलगी पाहायला निघतात.

खुर्च्या मांडल्या त्या नेमक्या अठरा नंबराखाली, कारण सावली तिथे दाट होती. साहेबांच्या डोक्यावर आठ हातांवर नर बसला होता. त्याने एक डोळा अर्धा उघडला, खाली चाललेलं पाहिलं आणि मिटून घेतला. आमच्यासारखी माणसं सभेत जे करतात तेच.

साहेबांनी दुर्बीण लावली आणि समोर पाहिलं. आपण ज्याच्या खाली बसलो ते झाड पाहायला मान मोडावी लागते. समोरचं झाड पाहायला काही पडत नाही. समोर सतरा नंबर होता. दुर्बीण खोडावरून वर चढली आणि गाठीवर थांबली. त्या गाठीला दोन काळे खळगे होते आणि मधे एक ढलपी खाली वळलेली. मनापासून पाहणाऱ्याला तिच्यात घुबड दिसलं असतं. तितक्याच मनापासून पाहिलं तर सासराही दिसला असता.

"हे काय," साहेब हळूच म्हणाले, "बसलंय की."

तज्ज्ञांनी दुर्बीण मागून घेतली. आता विचार करा. शहरातून गाडी करून आलेला माणूस, साहेबांनी पाहिलेलं घुबड त्याला दिसत नाही, हे सांगणार कसा? तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "साधारणपणे हे असंच बसतं."

दुर्बीण भाच्याकडे आली. भाच्याने ती उलटी लावली होती, पण म्हणाला, "स्पष्ट आहे, साहेब."

आत्या पुढे झाली. "साहेब, ती गाठ आहे."

"बाई, त्याने आत्ता डोळे मिचकावले."

"गाठ कशी मिचकावेल?"

"तेच तर मी म्हणतोय," साहेब शांतपणे म्हणाले. "गाठ मिचकावत नाही. म्हणजे ती गाठ नाही."

एवढ्यात वर अठरा नंबराच्या फांद्यांत लहान पाखरांनी कालवा मांडला. दिवसा घुबड दिसलं की लहान पाखरं त्याच्याभोवती जमतात आणि त्याला शिव्या घालतात; रानातली ही सगळ्यात खरी पाहणी. आत्याने वर बोट केलं. "ते बघा, पाखरं सांगतायत. वर आहे, साहेब, तुमच्या डोक्यावर."

साहेब भाच्याला म्हणाले, "हा गोंगाट जरा बंद होईल का? तिकडचं उडेल."

आत्याने खाली वाकून पाचोळ्यातून दोन गोळ्या उचलल्या आणि साहेबांपुढे धरल्या. एक कुस्करली. आतून उंदराचा जबडा निघाला, दातांसकट. "बिऱ्हाड जिथं असतं तिथंच हे पडतं. अठराखाली ढीग आहे. सतराखाली एक सापडली तर मी किल्ल्या ठेवते."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "मी घुबड पाहायला आलो होतो, त्याची उलटी नाही." मग जरा विचार करून, न्यायाने वागल्यासारखं, म्हणाले, "असं असेल. जेवायला इकडे येत असेल, राहायला तिकडे."

"साधारणपणे," तज्ज्ञ म्हणाले.

चहा झाला. अहवाल तिथल्या तिथे, फाइलवर फाइल ठेवून लिहिला गेला. सतरा नंबर: घुबडाचा अधिवास, स्वतः पाहिला, राखावा. अठरा नंबर: पोकळ, रिकामा, तोडावा. शुक्रवारी सकाळी.

पिल्लांच्या पंखांना अजून आठ दिवस हवे होते.

त्या संध्याकाळी आत्या भाच्याच्या घरी गेली. भाचा बनियनवर बसून मुलीच्या वहीला कव्हर घालत होता. आत्या उंबऱ्यातच बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तू पाहिलंस?" तिने विचारलं.

"आत्या, पाय धुऊन आत तरी ये."

"मी विचारते त्याचं सांग. तुला घुबड दिसलं?"

भाच्याने कव्हरची घडी परत केली. "मला साहेब दिसत होते," तो म्हणाला.

त्याची बायको आतून म्हणाली, "निदान हे तरी खरं बोलले."

"तू गप्प बस गं. आत्या, आता अहवाल वर गेला. तो बदलायचा तर मी काय लिहू? की साहेबांना गाठ आणि घुबड यातलं कळत नाही? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ते खोटं होतं? दुसऱ्या दिवशी मी कुठे असेन, ठाऊक आहे तुला?"

"कुठे?"

"जिथे बदली करतील तिथे."

"बदलीच ना. मरत तर नाहीस," आत्या म्हणाली. "तू दुसऱ्या गावी गेलास तर कुणाला तरी रस्ता विचारशील. ते घुबड कुणाला विचारील?"

भाचा म्हणाला की तज्ज्ञांनी उपाय सांगितला आहे. लाकडी पेटी करायची, ढोली तोडताना पिल्लं तिच्यात ठेवायची, पेटी नदीपलीकडच्या मोठ्या रानात टांगायची. आई-बाप येतीलच मागोमाग. साधारणपणे.

आत्या म्हणाली, "लोकांना वाटतं त्याला काळोखात दिसतं. दिसतं थोडंफार. पण गच्च काळोखात ते दिसण्यावर उडत नाही रे. त्याला रान पाठ आहे. कुठली फांदी कुठे वळते, कुठल्या मुळाशी उंदराचं बीळ आहे, अकरा वर्षांत घोकून घोकून पाठ केलंय. त्या पलीकडच्या रानात त्याला नेऊन सोडलंस तर ते आंधळं. वर तिथे दुसरी जोडी असणार. ती त्याला टिकू द्यायची नाही. हे मी अर्जात लिहायला सांगितलं होतं. तू म्हणालास, जागा पुरत नाही."

भाच्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याकडे पाहत होती. नवरा वहीकडे.

बुधवारी आत्या साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, अर्धा तास ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमची तळमळ मला पोचली. पण मी पाहिलंय." गुरुवारी पुन्हा गेली. साहेब म्हणाले, "तुम्ही देवाला मानता ना? तो कुठे दिसतो? तरी मानता. मग माझं घुबड मानायला काय हरकत आहे?" हे ऐकून आत्याला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. माणूस चांगलं बोलला की त्याला वाईट म्हणणं किती अवघड जातं पाहा.

शुक्रवारी फटफटताना आत्या फाटकाशी आली. हातात पक्कड, हातोडी आणि चार नवे खिळे. अहवाल तिने भाच्याकडून वाचून घेतला होता. त्यात डावं-उजवं कुठेच नव्हतं. फक्त नंबर होते.

ती दोन्ही झाडांच्या मधोमध उभी राहिली. अहवाल खोटा होता. तो खरा करायला चार खिळे पुरणार होते. पण ते चार खिळे म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला कळत होतं? सतरा नंबर तिने रोप असताना पाहिलं होतं. दोन उन्हाळे त्याला कळशीने पाणी घातलं होतं. त्याचा अपराध एकच, की साहेबांना त्याच्यावर घुबड दिसलं. आत्याने त्याच्या खोडाला हात लावला. काय म्हणाली ते तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. मग तिने बिल्ला उपटला.

सात वाजता झाडतोडे आले, दोघं मेव्हणे-मेव्हणे. थोरल्याने डाव्या झाडावरचा बिल्ला वाचला, अठरा. मग करवतीच्या मुठीने खोडावर ठोकून पाहिलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"आत्या, कागदात पोकळ लिहिलंय. हे तर ठणठणीत वाजतंय. नंबर हाच ना?"

साठ वर्षं खरं बोललेली बाई.

"बिल्ला बघा," ती म्हणाली.

तेवढ्यात साहेब आले, मागून भाचा. साहेब फाटकातच थबकले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "मी पाहिलं तेव्हा सतरा डाव्या हाताला होतं असं मला आठवतं."

भाच्याची नजर आधीच उजव्या झाडाच्या बिल्ल्यावर गेली होती. बिल्ला गंजलेला, आणि त्यावरचे दोन खिळे नव्या नवरीसारखे चकाकत होते. त्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने खाली पाहिलं. जन्मात पहिल्यांदा आत्याने कुणाच्या नजरेला नजर दिली नाही, आणि तेवढ्यावरूनच भाच्याला सगळं कळलं.

तो चालत उजव्या झाडाशी गेला, बिल्ल्यावर पाठ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आपण त्या दिवशी खुर्ची आतून बाहेर तोंड करून मांडली होती. आतून पाहिलं की डावं ते उजवं होतं."

साहेबांनी मनातल्या मनात खुर्ची फिरवली. "बरोबर," ते म्हणाले. "तरीच."

दोन तास करवत चालली. झाड पडताना आत्या पाठमोरी होती. पडल्यावर धुरळा बसला आणि साहेब पुढे झाले. खोडाच्या मधोमध, आता गुडघ्याच्या उंचीवर, ती गाठ होती. दोन खळगे, मधे ढलपी. साहेबांनी बुटाचं टोक लावून पाहिलं. मग वाकून हात लावला.

"हे काय आहे?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"गाठ, साहेब."

"हं. गाठच." साहेब उभे राहिले. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे, मग त्याच्या पाठीमागे जिथे बिल्ला असायला हवा तिथे. मी म्हटलं ना, ते वाईट नव्हते; मूर्खही नव्हते. त्यांच्या कपाळावर एक शीर उठली आणि आत्याला वाटलं, झालं, आता दुसरं झाडही जाणार.

पण खरं बोलायचं तर आधी एक वाक्य बोलावं लागत होतं: मला दिसलं नव्हतं. ते वाक्य साहेबांच्या ओठापर्यंत आलं असेलही. झाडतोडे पाहत होते, भाचा पाहत होता. वाक्य परत गेलं.

"आमचं घुबड कुठे आहे मग?" साहेब म्हणाले.

आत्याने उभ्या झाडावर वर बोट केलं. साहेबांनी दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. वर नर अंग चोरून, बारीक होऊन, सालीत साल झाला होता.

"दिसलं का, साहेब?"

"दिसलं," साहेब म्हणाले, आणि सही केली. या खेपेला तरी दिसलं का, ते देव जाणे.

आठ दिवसांनी पिल्लं ढोलीबाहेर फांदीवर आली. एक धाकटं खाली पडलं. पडलेलं पिल्लू लोक पोरकं समजून उचलून नेतात. आत्याने फाटकाला कुलूप घालून ठेवलं. पिल्लू चोच सालीत रुतवून, नखं लावून, पंख फडफडवत तासाभरात पुन्हा वर चढलं. पुढे तीन महिने आई-बापांनी त्यांना भरवलं आणि मग एके दिवशी दोघांनाही रानाबाहेर हाकलून दिलं. लाड संपले की संपले. साहेबांना घुबड-रक्षणासाठी मोठ्या सभागृहात शाल मिळाली. ते बोललेही सुरेख. भाचा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता आणि त्याची बायको हात मांडीवर ठेवून बसली होती.

आत्याला शाल नको होती. तिचं एवढंच झालं, की त्यानंतर कुणी तिला म्हणालं, "आत्या कधी खोटं बोलत नाही," की ती उठून कामाला लागे. खुंटावरची वर्तुळं तिने एकदा बोटाने मोजली होती. बावीस भरली. तेविसावं नुकतंच धरलं होतं.

झाली गोष्ट. आता उठून घरी जाल, निजण्यापूर्वी देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल. घ्या सगळ्यांची. घुबडांची काळजी नको, ती खाऊन-पिऊन आहेत. आत्यासाठीही मागायचं नाही, तिला आवडायचं नाही. पण शेवटी क्षणभर त्या झाडाची आठवण ठेवा. पोटात काही लपवलं नव्हतं त्याने, आतून ठणठणीत होतं. नाव त्याला कधी नव्हतंच. नंबर होता, तोही जाताना त्याच्याकडे राहिला नाही.